एका नळीचे दोन कायदे

मोटारसायकलचा सायलेन्सर काढला तर गुन्हा, आणि बंदुकीला सायलेन्सर लावला तरी गुन्हा. आपल्या कायद्याच्या दोन पुस्तकांत हे दोन्ही नियम वर्षानुवर्षं सुखाने नांदत आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक वाहनाला, आतल्या मोकळ्या कप्प्यात वायू पसरू देऊन किंवा आणखी कुठल्या उपायाने, इंजिनातून सुटणाऱ्या वायूंचा आवाज होईल तितका कमी करणारं साधन बसवलेलं असलंच पाहिजे. उलट १९६२ च्या शस्त्र नियमांनी बंदुकीचा आवाज किंवा तोंडाशी उडणारा जाळ कमी करणारं साधन सर्वांत कडक अशा पहिल्या वर्गात टाकलं. साध्या परवानाधारकाच्या हाती ते लागायचा प्रश्नच येत नाही. साधन मात्र एकच आहे. दोन्हीकडे एक नळी, आत कप्पे, आणि त्या कप्प्यांतून अडखळत, थंड होत बाहेर पडणारा तापलेला वायू.

हे कोडं मला औंढ्यात सुचलं. सुचायला जागाही तीच हवी होती. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीकडे, पुढे पवनानगरकडे जाणारा रस्ता औंढे-औंढोलीवरून जातो. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी पवनेकाठच्या तंबूंकडे निघालेल्या मोटारसायकलींचे तांडे इथून जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा कंपनीने दिलेला सायलेन्सर घरी माळ्यावर पडलेला असतो. गाडीला लावलेली असते फटफटणारी पोकळ नळी. शेजारून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो, अष्टौप्रहर. बोरघाटातून रेल्वे वर चढली १८६३ साली. त्याच्या अठरा-एकोणीस शतकं आधी याच घाटाने चढणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पैशातून कार्ल्याचं चैत्य कोरलं गेलं. लेण्यांतल्या भिक्षूंनी शांततेसाठी आडरान गाठलं असावं अशी आपली एक गोड समजूत असते. प्रत्यक्षात त्यांनी वर्दळीच्या वाटेच्या डोक्यावरच जागा निवडली आणि शांतता कातळ कोरून आत तयार केली. मावळाचा हा पट्टा दोन हजार वर्षं वाहतुकीचीच वाट आहे. इथे आवाजाबद्दल बोलताना त्यामुळे ‘पूर्वी कसं शांत होतं’ असा सूर मला लावता येत नाही.

बंदुकीचा आणि मोटारीचा सायलेन्सर ही सख्खी भावंडं आहेत, आणि त्यांच्या घराण्याची गोष्ट मोठी विलक्षण आहे. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम या अमेरिकेत जन्मलेल्या गृहस्थाने १८८४ मध्ये पहिली खऱ्या अर्थाने स्वयंचलित मशीनगन बनवली. आफ्रिकेत साम्राज्यं उभी राहिली ती या मॅक्सिम गनच्या तोंडासमोर माणसं उभी करून. वर्षानुवर्षं आपल्याच बंदुकांशेजारी उभं राहून बापाचे कान गेले. मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. त्याला बापापेक्षा मोटारींचा नाद जास्त होता. घोड्याविना चालणाऱ्या गाड्या अमेरिकेत रस्त्यावर येत होत्या, तेव्हा हार्टफर्ड गावच्या कारखान्यात तो त्यांच्यावर काम करत होता. १९०९ मध्ये त्याने बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. न्हाणीघराच्या मोरीत गरगरत उतरणारं पाणी पाहून ही कल्पना सुचली असं सांगतात. वायूलाही असंच गरगर फिरवत ठेवलं तर तो धडकन बाहेर पडणार नाही, असा त्याचा हिशेब. पुढे त्याच्या कंपनीने बंदुकांचं काम सोडलं आणि इंजिनं, कॉम्प्रेसर यांचे सायलेन्सर बनवायला घेतले. बापाने जगात जेवढा आवाज सोडला, तो निस्तरायला मुलाने जन्म घेतला होता असं लिहायचा मोह होतो. पण पर्सी तसा भाबडा नव्हता. ते त्याचं दुकान होतं आणि बरं चालायचं.

बंदुकीचा आवाज कमी होतो म्हणजे किती, याबद्दल सिनेमाने आपली पुरती दिशाभूल केली आहे. पडद्यावर खुनी माणूस नळी फिरवून बसवतो, ‘फुस्’ असा आवाज येतो आणि बाजूच्या टेबलावरचा माणूस चहा पीत राहतो. शिकारीच्या रायफलीचा बार तिच्या तोंडाशी सुमारे १६५ डेसिबलचा असतो. चांगला सायलेन्सर त्यातले पंचवीस-तीस कमी करतो. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. तीस कमी म्हणजे ऊर्जा हजारावा हिस्सा. तरी उरतात १३५, आणि ते बाजूच्या टेबलावरच काय, रस्त्यापलीकडेही ऐकू जातात. एवढंच की १४० च्या वरचा एकच दणका कानाला कायमची इजा करू शकतो, आणि सायलेन्सरने तो उंबरठ्याच्या आत येतो. कुकरची वाफ शिटीतून निघू देणं आणि दाब असताना झाकण उघडणं यांत जो फरक, तोच हा. वाफ तेवढीच, फक्त तिला बाहेर पडायला सवड दिलेली.

ही सवड देण्याचं काम जगभर लहान-लहान वर्कशॉपांत चालतं. फिनलंड-नॉर्वेत रायफलीला सायलेन्सर लावणं ही शिकाऱ्याची रीतभात समजली जाते. स्वतःचे कान, सोबतच्या कुत्र्याचे कान, आणि पलीकडच्या शेतघरातल्या माणसांची झोप. तिथल्या कारागिरांचा सगळा जीव वजनात अडकलेला असतो. रायफलीच्या टोकाला अर्धा किलो लोखंड लटकवलं तर दिवसभर रान तुडवल्यावर ते खांद्याला कळतं, कारण वजन आहे ते अगदी पुढच्या टोकाला. म्हणून टायटॅनियम, पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त घनतेचं. ज्याने कधी लेथ चालवलं आहे त्याला या धातूचं नाव काढलं की घाम फुटतो. फेरे कमी ठेवायचे, हत्यार धारदार, कूलंटची धार अखंड. धातू स्वतः उष्णता फारशी वाहून नेत नाही, ती हत्याराच्या टोकाशी साठते आणि टोक बसतं. जॉबवरून निघणारा बारीक चुरा कोरडा साठला आणि ठिणगी पडली, तर पांढऱ्या लखलखीत ज्वाळेने पेटतो; त्यावर पाणी मारायचं नाही, वाळू टाकायची. भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांतल्या टर्नरना हे शिकवावं लागत नाही, तसली कामं त्यांच्याकडे जॉबवर्कला येतात. बंदुकीचा सायलेन्सर तेवढा येत नाही. मोटारसायकलच्या धुराड्याचे सुटे भाग मात्र याच पट्ट्यात ढिगाने बनतात.

कापून पाहिलेला कंपनीचा सायलेन्सर ही मोठी सुंदर वस्तू असते. बाहेरून गुळगुळीत क्रोम, आत काजळीने काळी झालेली दोन-तीन दालनं, त्यांच्यामधल्या पडद्यांना भोकं, आणि एका दालनातून दुसऱ्यात उलट्या दिशेने वळवलेल्या नळ्या. वायू पुढे जातो, मागे फिरतो, पुन्हा पुढे जातो. काही लाटा एकमेकींवर आदळून जागीच विरतात. हे सगळं ज्याच्यासाठी केलेलं असतं तो गाडीचा मालक नव्हे. इंजिनातलं तेल, ब्रेक, आरसा, दिवा, सगळं चालवणाऱ्याच्या कामाचं. सायलेन्सर रस्त्याकडेच्या घरात झोपलेल्या, नावही माहीत नसलेल्या माणसाच्या कामाचा. मालकाला त्याचा उपयोग नाही, उलट वजन वाढतं, आणि आपल्या इंजिनाची ताकद कोणी दाबून ठेवली आहे अशी भावना होते. तो पहिल्यांदा काढला जातो तो बहुधा यामुळेच. पोलिस असले सुधारित सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर रांगेने मांडतात आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. त्याची छायाचित्रं छापून येतात. चेपलेल्या नळ्यांकडे पाहून मला दर वेळी वाटतं, इथे शांततेचा कायदाही वाजतगाजतच अमलात येतो.

बंदुकीकडे वळलं की आपल्याकडचं चित्र उलटं होतं, आणि ते फिनलंडच्या शिकाऱ्याला समजावणं कठीण जाईल. मावळात भात पोटरीला आलं, इंद्रायणीच्या लोंबीत दूध भरलं की रानडुकरं खाचरात उतरतात. जेवढं खातात त्याच्या कितीतरी पट लोळून नासवतात. (हा इंद्रायणी भाताचा वाण इथलाच, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये बाहेर पडलेला. डुकरांनाही त्याचा वास कळतो असं शेतकरी म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.) राखणीला बसलेला माणूस काय करतो? आरोळ्या देतो, पत्र्याचा डबा बडवतो, गोफण सोडतो, आणि आता पाइपात कार्बाइड घालून धडाम करतो. या शेवटच्या प्रकाराने हात-डोळे गमावलेली माणसं आहेत, म्हणून त्याचं कौतुक नको. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक ज्याच्याकडे आहे, त्याला तिच्यातून हवा असतो तो बार. जनावर मारण्याशी त्याला कर्तव्य नसतं. रात्रीच्या रानात आपण जागे आहोत हे कळवायचं असतं. तिकडच्या शिकाऱ्याला बंदुकीतून आवाज वजा करायचा आहे, इकडच्या शेतकऱ्याला आवाज ठेवून गोळी वजा केली तरी चालेल.

जुन्या शिकारीतही हेच होतं. हाकारे उठवायचे म्हणजे ढोल, डबे, शिंगं, शे-दीडशे माणसांचा गलका. संस्थानिकांच्या त्या शिकारीत एका बाराचा आवाज कोण मोजतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पर्व मिटत आणलं, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याचं उरलंसुरलं दारही बंद झालं. चोरटी शिकार राहिलीच. आणि आता बंदुकीच्या आवाजाचा तिसरा उपयोग पुढे आला, साक्षीचा. रात्री डोंगरात बार झाला की वनरक्षक कान देतो, दिशा धरतो, आणि जमलं तर निघतो. मारणाऱ्याला आपला गुन्हा स्वतःच्याच हाताने जाहीर करावा लागतो. कायदा बंदुकीच्या सायलेन्सरला भितो तो या साक्षीसाठी, आणि ही भीती अनाठायी नाही. अमेरिकेने १९३४ मध्ये टोळ्यांच्या धुमाकुळात जो कायदा केला, त्यात मशीनगनच्या रांगेत सायलेन्सर बसवला आणि त्यावर २०० डॉलर कर लावला, त्या काळी सामान्य माणसाला परवडू नये इतका. तो आकडा नव्वद वर्षं हलला नाही. आता, २०२६ च्या जानेवारीपासून, तो शून्यावर आणला आहे. नोंदणी मात्र कायम.

तरीही या भीतीत एक भोक आहे. सह्याद्रीत चोरटी शिकार करणाऱ्याला आवाज नको असेल तर तो बंदूक उचलतच नाही. तो फासकी लावतो. पूर्वी वाखाची, घायपाताची दोरी असायची, आता बहुतेक वेळा मोटारसायकलची किंवा स्कूटरची क्लच वायर. गॅरेजात काही रुपयांत मिळते, परवाना लागत नाही, आवाज शून्य डेसिबल. डुकरासाठी लावलेल्या अशा फासकीत बिबट्या अडकून मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात. मोटारसायकलच्या मागच्या नळीवर कायद्याची एवढी नजर, आणि तिच्याच हँडलपासून निघणारी तार रानात निमूट काम करते. निःशब्द हत्यार शोधायला कोणाला टायटॅनियमपर्यंत जावं लागत नाही.

आता मूळ कोड्याकडे. दोन्ही कायद्यांना आपापल्या जागी बरोबर ठरवता येतं: बंदुकीचा आवाज लोकांना सावध करतो म्हणून राखायचा, गाडीचा आवाज लोकांना छळतो म्हणून दाबायचा. मला ही वाटणी पटते. पण तिच्यामागचं एक गृहीत पटत नाही, की आवाज यंत्राच्या तोंडातून येतो आणि तिथे नळी बसवली की प्रश्न मिटला. रायफलीची गोळी ध्वनीच्या वेगापुढे, सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या पुढे गेली, की ती वाटेतल्या हवेतच चाबकासारखा कडाका करत जाते. नळी कितीही चांगली असो, या कडाक्याला ती काही करू शकत नाही, कारण तो नळीतून निघालेलाच नसतो. तो थांबवायचा तर गोळीच सावकाश जाणारी हवी, आणि सावकाश गोळी लांबवर पोचत नाही. शिकारी मग कडाका पत्करतो.

औंढ्याला नेमकं हेच घडतं. मोटारीने ताशी पन्नास-साठचा वेग ओलांडला की इंजिनाचा आणि धुराड्याचा आवाज मागे पडतो, ऐकू येतो तो टायर आणि रस्ता यांच्या घासण्याचा. द्रुतगती मार्गावर सगळ्या गाड्या त्याच्या पुढेच धावतात. त्या सतत घोंगावण्यात कोणाचाच सायलेन्सर फाटलेला नसतो. १२० व्या नियमाप्रमाणे प्रत्येक गाडी निर्दोष आहे. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवून दिली. टायरांचा हा आवाज त्या मर्यादेकडे आणायचा तर वेग कमी करायला हवा, आणि वेगासाठीच तर तो रस्ता बांधला. घाटातला वळणाचा भाग टाळणारी मिसिंग लिंक कुसगावला येऊन मिळते, तीही वेळ वाचवण्यासाठी. शिकाऱ्याने पत्करलेला कडाका आपणही पत्करला आहे, फरक इतकाच की आपल्या बाबतीत गाडीत बसलेल्याला काच वर केली की काही ऐकू येत नाही आणि पत्करणारा तिसराच कोणीतरी असतो.

रविवारी दुपारी नाकाबंदीत एखादा बुलेटवाला अडवला जातो. हवालदार वाकून नळी पाहतो, फोटो काढतो, दंड लावतो. पोराचा चेहरा उतरतो, आणि त्याच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण त्याच वेळी औंढ्याच्या पुलावरून कंटेनर धडधडत गेला आणि कोणी आवाज मोजायचा मीटर घेऊन भाताच्या बांधावर उभा राहिला, तर दिसेल त्या आकड्याची पावती कोणाच्या नावाने फाडायची?