घरचा वाफा

आमच्याकडं बहुतेक मळ्यांत एक वाफा घरचा असतो. विहिरीजवळचा. त्यावर औषध मारत नाहीत. बाजाराची भाजी वेगळी, घरची वेगळी. ही वहिवाट इतकी अंगवळणी पडलीय की तिच्यात काही वावगं आहे, असं कुणाला वाटत नाही. मला वाटू लागलं ते पुणे-नाशिक रस्त्याला लागून असलेल्या आमच्या पट्टीमुळं.

शिसं घातलेलं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. पण त्याआधीच्या धुरातलं शिसं रस्त्याकडेच्या मातीत मुरलंय. ते कुजत नाही, विरत नाही. टायर झिजून जस्त आणि थोडं कॅडमियम, ब्रेक घासून तांबं, हे तर रोज पडतंच. पालक, मेथी, कोथिंबीर अशा पालेभाजीवर ही धूळ जास्त बसते; वांगी-भोपळ्याला धोका कमी. धुतल्यावर वरची धूळ बरीचशी जाते, पण मुळावाटे पानात चढलेलं कॅडमियम धुऊन निघत नाही. आणि शिसं लहान पोरांच्या मेंदूला बाधतं.

एकदा चुलत्यांना विचारलं, "नाना, रस्त्याकडची कोथिंबीर आपण घरी का आणत नाही?"

"धुरळा बसतो की तिच्यावर."

"मग बाजारात?"

"बाजारात भाव हिरवेपणाला. कुठल्या रानातली, हे कोण इचारतं?"

नाना लबाड नाहीत. शिसं काही त्यांनी टाकलं नाही. मोटारवालाच गाडी थांबवून 'ताजी, शेतातली' म्हणून जुडी घेतो. धूळ त्याच्याही टायरची असते. दोष असा कणाकणानं सगळ्यांचा. पण जुडी कुठल्या रानातली, हे ठाऊक असतं फक्त बांधणाऱ्याला. दोष वाटून घेता येतो, ठाऊक असणं वाटून घेता येत नाही. म्हणून मला वाटतं, जे आपल्या ताटात नको ते दुसऱ्याच्या ताटात घालू नये.

बांधाला शेवरीची दाट रांग, कडेला झेंडू आणि भाजी आत, असं करता येतं. पण झेंडूला खरा भाव दसरा-दिवाळीला. कोथिंबीर दीड महिन्यात पैसा देते. मधला तोटा शेतकऱ्यानंच का सोसायचा?

नाना म्हणतात, "आमी आत लावू. पर गिऱ्हाइकानं बी इचारावं, आन् आतल्या जुडीला दोन रुपये जास्त द्यावेत."

मला यात गैर काही दिसत नाही.