दाद कशाला द्यायची?

अवघड गोष्ट कुणी लीलया करून दाखवली की आपला हात टाळीसाठी आपोआप उठतो. मैफलीत द्रुत तानांची बरसात सुरू झाली की तोंडून ‘वा!’ निघून जाते, तबल्यावर रेला सुरू झाला की मान डोलू लागते. त्यात गैर काहीच नाही. वर्षानुवर्षे घासलेल्या हातांना आणि गळ्यांना ती दाद मिळायलाच हवी. तरीही टाळी वाजवून झाल्यावर स्वतःला विचारावा असा एक प्रश्न उरतो. आपण दाद दिली ती अवघडपणाला, की तो अवघडपणा पार करून कलावंत जिथे पोहोचला त्या जागेला?

पियानोवादक युजा वांग यांनी वाजवलेला रशियन संगीतकार सर्गेई प्रोकोफिएफ यांचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो ऐकताना हा प्रश्न मनात घर करून बसतो. व्हेनेझुएलाचा सिमॉन बोलिव्हार वाद्यवृंद, संचालनाला गुस्ताव्हो दुदामेल, आणि समोर कराकसचे श्रोते. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण २०१३ साली बाहेर आले. वांग तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांनी मिळून मांडायची रचना. हा कॉन्चेर्टो तर पियानोवादकांच्या जगात अत्यंत अवघड म्हणून ओळखला जातो. अर्ध्या तासाहून थोड्या मोठ्या या रचनेत वादकाला दम खायला फार कमी जागा मिळते.

हा अवघडपणा कळायला आधी पियानो समजून घ्यावा लागतो. गाणारा आपला स्वर लावल्यावरही त्याला फुलवू शकतो, घोटू शकतो, मींड घेऊन दुसऱ्या स्वराकडे नेऊ शकतो. सारंगीवर गज फिरतोय तोवर स्वर वादकाच्या हातात असतो. पियानोवर तसे नाही. पट्टी जेमतेम सेंटिमीटरभर खाली जाते, आतली हातोडी तारांवर आदळून मागे येते, आणि तो स्वर तिथेच हातातून सुटतो. त्यानंतर त्याला विरू द्यायचे किंवा थांबवायचे, एवढेच वादकाकडे राहते. त्याला मोठे करता येत नाही, वळवता येत नाही. म्हणजे स्वर किती गडद हवा, किती कोवळा हवा, मागच्या-पुढच्या स्वराशी त्याचे नाते काय, हे सगळे बोट पट्टीच्या तळाला पोहोचण्याआधीच ठरलेले असावे लागते. एका सेकंदात असे आठ-दहा निर्णय, तेही दोन्ही हातांचे, हा या वादनाचा नेहमीचा व्यवहार आहे.

पहिला भाग शांतपणे उघडतो. तंतुवाद्यांच्या तारा बोटांनी हलकेच छेडल्या जातात आणि पाठोपाठ पियानोची एक उदास, लांबलचक सुरावट सुरू होते. ही सुरावट गोष्ट सांगितल्यासारखी वाजवावी, अशी सूचना प्रोकोफिएफ यांनी तिथे लिहून ठेवली आहे. काही मिनिटांनी वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटा उरतो. याला कॅडेन्झा म्हणतात. इतर अनेक कॉन्चेर्टोंमध्ये कॅडेन्झा म्हणजे वादकाने आपले कौशल्य दाखवण्याची छोटी जागा असते. इथे मात्र ती सुमारे पाच मिनिटे चालते आणि त्या भागाचा जवळजवळ अर्धा ऐवज एकट्या पियानोच्या अंगावर येतो. सुरुवातीची तीच उदास सुरावट आता हळूहळू चढू लागते. मंद्रात घणाचे घाव बसावेत तसे स्वर पडतात, वरच्या सप्तकांत स्वरांचे लोट उठतात, आणि या सगळ्याच्या मधोमध मूळ सुरावट शाबूत ठेवायची असते. लिहिताना नेहमीच्या दोन ओळी पुरल्या नाहीत म्हणून काही ठिकाणी प्रोकोफिएफ यांनी पियानोसाठी तीन ओळींचे लेखन केले. वाजवायला हात मात्र दोनच.

इथे वांग काय करतात ते कान देऊन ऐकण्यासारखे आहे. कॅडेन्झाच्या सुरुवातीला त्या हात राखून वाजवतात. पुढे चढण किती आहे हे माहीत असलेला माणूस जसा पहिल्या वळणावर धावत नाही, तसा हा संयम आहे. आवाज वाढतो तो पायरीपायरीने. प्रत्येक पायरीवर वाटते की आता याहून मोठे काही शक्य नाही, आणि पुढच्याच क्षणी ते शक्य झालेले असते. स्वरांची एवढी गर्दी उसळत असतानाही सुरावट बुडत नाही. शिखरावर पोहोचल्यावर पितळी वाद्ये धडाडून शिरतात आणि सुरुवातीला हलकेच छेडलेले ते स्वर आता गर्जना होऊन परत येतात. ऐकणारा हादरून जातो.

बहुतेकांची दाद इथे जाते. माझ्या मते या वादनाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. वादळ ओसरते आणि पियानोला पुन्हा तीच पहिली सुरावट वाजवायची असते, अगदी हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखी. आत्ताच पाच मिनिटे ज्या मनगटांनी आणि खांद्यांनी एवढा भार पेलला, ज्यांतून अजून कळ गेली नसेल, त्याच हातांनी आता पट्टी इतक्या हळुवारपणे दाबायची की स्वर उमटेल पण टोचणार नाही. थकलेल्या हाताला जोरात वाजवणे सोपे असते. हळू वाजवणे महाकठीण. वांग यांच्या वादनात त्या ओळी येतात तेव्हा त्यांत थकव्याचा मागमूस नसतो आणि ‘बघा, मी हेही करू शकते’ असा आविर्भावही नसतो. गोष्ट सांगणारा आवाज आपल्या जागी परत आलेला असतो. फक्त मधल्या काळात काय घडले ते आता आपल्याला ठाऊक असते, म्हणून तीच सुरावट वेगळी लागते.

दुसरा भाग अडीच मिनिटांच्या आसपासचा. त्यात दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतराने एकच सुरावट एकसाथ पळवतात, क्षणाचीही उसंत न घेता. सुमारे दीड हजार स्वर, म्हणजे सेकंदाला दहा. आधार द्यायला दुसरा हात मोकळा नाही, लपायला एकही विराम नाही. एक बोट केसभर मागे पडले तरी दोन्ही हातांतली फट लगेच ऐकू येते. वांग यांच्या हातून हा भाग मोत्याच्या सरासारखा सुटा आणि सलग येतो. त्यांचा वेग जगभर गाजला तो उगीच नव्हे. पण त्यांच्याविषयी बोलताना लोक वेगापाशी आणि त्यांच्या पोशाखापाशीच अडकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या वेगाच्या पोटात काय आहे ते ऐकायचे राहून जाते.

काय आहे ते कळायला या रचनेचे नशीब माहीत असायला हवे. प्रोकोफिएफ यांनी हा कॉन्चेर्टो लिहिला तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीतविद्यालयात शिकत होते. त्यांचा जिवलग मित्र आणि तिथलाच विद्यार्थी मॅक्सिमिलियन श्मिडटहोफ याने १९१३ साली आत्महत्या केली. जाण्यापूर्वी त्याने प्रोकोफिएफ यांना निरोपाचे पत्र लिहिले होते. हा कॉन्चेर्टो त्याच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. त्याच वर्षी उन्हाळा सरताना, सेंट पीटर्सबर्गजवळच्या पाव्हलोव्स्कमध्ये बावीस वर्षांच्या प्रोकोफिएफ यांनी तो स्वतः पहिल्यांदा वाजवला. श्रोत्यांपैकी काहींनी हुर्यो केली, काही उठून चालते झाले. पुढे रशियन क्रांतीनंतरच्या धामधुमीत त्याची हस्तलिखित स्वरलिपी जळून नष्ट झाली. प्रोकोफिएफ देश सोडून गेले होते. १९२३ साली जर्मनीत बव्हेरियातल्या एटाल गावी राहत असताना त्यांनी तो पुन्हा उभा केला, पुष्कळसा नव्याने लिहिला, आणि १९२४ साली पॅरिसमध्ये तो परत वाजला.

म्हणजे आज जे ऐकू येते ते एकदा जळून गेलेले संगीत आहे. ते टिकले ते दोन गोष्टींमुळे. रचणाऱ्याने ते दुसऱ्यांदा लिहिण्याचे कष्ट घेतले, आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत प्रत्येक पिढीत कुणीतरी ते वाजवण्याचे कष्ट घेतले. कागदावरची स्वरलिपी मुकी असते. तिला बोलते करायला कुणाला तरी आपली तारुण्याची वर्षे द्यावी लागतात. कॅडेन्झाच्या त्या पाच मिनिटांच्या एकटेपणात एका तरुणाचे मित्र गमावण्याचे दुःख ऐकू यावे, यासाठी दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या काळातल्या एका मुलीने सहाव्या वर्षापासून पियानोवर बसायचे, किशोरवयातच बीजिंगमधले घर सोडून आधी कॅनडात आणि मग अमेरिकेत शिकायला जायचे, हा माणसांमधला फार मोठा ऋणानुबंध आहे.

फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत वांग यांना शिकवले ते गॅरी ग्राफमन यांनी. ग्राफमन हे स्वतः एकेकाळचे नामांकित वादक. प्रोकोफिएफ यांचे पहिला आणि तिसरा हे कॉन्चेर्टो त्यांनी ध्वनिमुद्रित केले होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या उजव्या हाताची बोटे साथ देईनाशी झाली. त्यानंतर ते फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवू लागले आणि शिकवण्यात रमले. ज्याचा उजवा हात गेला, त्याने दुसऱ्यांचे दोन्ही हात घडवले. बोटांतली विद्या किती नाजूक असते आणि तरीही ती कशी पुढे जाते, याचे यापरते बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

अवघडपणा तोच असूनही पोहोचण्याची जागा प्रत्येकाची निराळी असते. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी इस्रायल फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि पियानोवादक येफिम ब्रॉन्फमन यांच्यासोबत याच कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण केले आहे. स्वर तेच, क्रम तोच. ब्रॉन्फमन यांच्या वादनात वजन आहे, जमिनीतून उठल्यासारखा भारदस्तपणा आहे. वांग यांच्या वादनात धार आहे, विजेची लखलख आहे. दोन्हीकडे तयारी तोडीस तोड असल्यामुळेच हा फरक ऐकू येतो. तयारी अपुरी असती तर आपण चुकाच मोजत बसलो असतो.

तयारीचे खरे काम हेच. ती पुरी झाली की स्वतः बाजूला होते आणि पलीकडचे दिसू देते. हे संगीतापुरते खरे आहे असेही नाही. दिवसभर शेकडो रुग्ण तपासलेला डॉक्टर शेवटच्या रुग्णाशी ज्या आवाजात बोलतो, त्यावरून त्याची खरी योग्यता कळते. दमल्यानंतरही ज्याच्यातली हळुवारता शिल्लक राहते, त्याचे कौशल्य पक्के मुरलेले असते.

म्हणून मुलांचे गाणे-वाजवणे ऐकताना ‘किती जलद वाजवतो!’ एवढ्यावर थांबू नये. जलद वाजवणे हवेच, त्यासाठी घाम गाळायलाच हवा. मेहनतीला कमी लेखणारा रसिक कलेचे भले करत नाही. पण त्या मुलाला हेही सांगावे की संथ ओळीत तू काय म्हणालास ते आम्हाला पोहोचले. स्पर्धांमध्ये आणि दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांत वेगाला आणि उंच स्वराला हमखास टाळी पडते. मुले ती टाळी ओळखायला शिकतात आणि तेवढ्यासाठीच गाऊ लागतात. ऐकणाऱ्याची दाद कलावंत घडवते, तशीच बिघडवतेही. ती जबाबदारी आपली आहे.

आज एवढे करून बघा. बारा मिनिटे मोकळी काढा, फोन बाजूला ठेवा आणि या कॉन्चेर्टोचा पहिला भाग सलग ऐका. पाश्चात्त्य संगीताची ओळख नसली तरी चालेल. वादळाला हवी तेवढी दाद द्या, ती त्याच्या हक्काची आहे. पण वादळ संपल्यावर लगेच उठू नका. त्यानंतरच्या हळू ओळी पूर्ण ऐका आणि सगळ्यात मोठी दाद त्यांच्यासाठी राखून ठेवा.