भिडूचं पान

पाऊस लागला, की कोल्हापुरात पत्त्यांतला मेंढीकोटाचा डाव रंगतो. चार गडी, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला 13 पानं. दहाची चार पानं म्हणजे मेंढ्या. चारही एकाच जोडीकडे गेल्या, की दुसऱ्या जोडीवर कोट.

या डावात बोलायला बंदी. खुणावणं तर लबाडीच. भिडू कोणतं पान टाकतो, कुठे हुकूम मारतो, यावरूनच त्याच्याकडे काय असेल ते ओळखायचं. हात त्याचाच होणार हे दिसलं, की आपली मेंढी जपत न बसता त्याच्या एक्क्यावर टाकायची. मोजताना ती दोघांचीच. भिडूचा हात होत असताना वरचं पान मारणारा गडी मला फार खुपतो. त्याला डाव नको असतो, स्वतःचा हात हवा असतो.

खरे भिडू पत्त्यांबाहेरही दिसतात. 2019 च्या महापुरात इथल्या पंचगंगा नदीनं 43 फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली. तालमी-मंडळांची पोरं बाहेर पडली. कुणी दोर धरला, कुणी पाण्यात उतरलं, कुणी घरोघरच्या भाकऱ्या गोळा केल्या. पाण्यात उतरणारा उतरत होता तो दोर धरणाऱ्याच्या भरवशावर.