सेवेची साक्ष

तरुणांची शिबिरे चालविण्याचे शिक्षण ज्याने घेतले व दोन-चार वर्षे ते काम केले, त्याला पुष्कळ गोष्टी येऊ लागतात. चाळीस मुलांना सांभाळणे, तंटा मिटविणे, पैपैचा हिशेब देणे, पावसाने बेत फसल्यास दुसरा योजणे. परंतु नोकरीच्या अर्जात हे लिहावयाचे कोठे? तेथे बहुधा परीक्षांचेच रकाने असतात.

कोणी म्हणेल, सेवेचा दाखला मागणे म्हणजे सेवेचा बाजार मांडणे. या आक्षेपात तथ्य आहे. कागदासाठी राबणाऱ्याचे लक्ष माणसांवर राहत नाही. तथापि मोबदला निराळा व साक्ष निराळी. मोबदल्याने कामाची किंमत चुकती होते. साक्ष केवळ खरे ते सांगते.

युरोपीय संघाने २००७ साली 'यूथपास' हा दाखला सुरू केला. त्यात तरुण स्वतः, मार्गदर्शकाशी बोलून, आपण काय शिकलो ते लिहितो. शाळेबाहेरचे शिक्षण ओळखावे, नोंदवावे, तपासावे व प्रमाणित करावे, आणि ही सोय २०१८ पर्यंत व्हावी, अशी शिफारस संघाने २०१२ साली सदस्य राष्ट्रांना केली. आपल्याकडे १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. दोन वर्षांत २४० तास काम व एक विशेष शिबिर केले की प्रमाणपत्र मिळते. परंतु तास मोजणे सोपे, शिकणे ओळखणे कठीण.

आम्हांस वाटते, येथे प्रश्न न्यायाचा आहे. सुखवस्तू घरच्या मुलासाठी शब्द टाकणारे कोणी ना कोणी असते. मजुराच्या मुलीला तिच्या कामाखेरीज दुसरी शिफारस नसते. स्वतःविषयी मौन हा सेवा करणाऱ्याचा विनय होय. पण ज्यांनी तिची सेवा घेतली, त्यांनी मौन धरणे हा विनय नव्हे, तो कृतघ्नपणा होय.

मात्र साक्ष खरी हवी. दोन दिवस येऊन बसलेल्यालाही तोच दाखला दिला, तर राबणाऱ्याचा दाखलाही कवडीमोल ठरतो. म्हणून शिबिर संपल्यावर प्रमुखांनी प्रत्येक कार्यकर्त्याजवळ घटकाभर बसावे. काय केले, काय जमले, काय जमले नाही, हे विचारावे. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे व खाली सही करावी. याला पैसा लागत नाही. वेळ व सचोटी मात्र लागते.