शांतीचे श्रेय कोणाचे?

मन आवरत नाही ही तक्रार जुनीच. ते आवरण्याचे उपाय मात्र नित्य नवे निघतात. असा एक उपाय हल्ली शहरांतून सांगितला जातो. त्याचे नाव न्यूरोफीडबॅक. ज्याला झोप येत नाही, ज्याचा जीव सारखा धास्तावलेला असतो, ज्या मुलाचे चित्त दोन मिनिटे एका जागी ठरत नाही, अशांना तो सुचवितात. प्रश्न असा, की यंत्रापुढे बसून एखाद्याला बरे वाटले, तर त्या बरेपणाचे श्रेय कोणाचे? आणि ते भलत्याच ठिकाणी दिले, तर बिघडते काय? प्रश्न वरवरचा नाही. त्यात लोकांचा पैसा गुंतला आहे, आशा गुंतली आहे, आणि कधी कधी प्राणही.

आधी हा प्रकार काय आहे तो पाहू. डोक्याला धातूच्या लहान चकत्या चिकटवितात. मेंदूत सतत सूक्ष्म विजेच्या लहरी उठत असतात, त्या यंत्र टिपून घेते. समोर पडद्यावर चित्र चालू असते. लहर हवी तशी उठली की चित्र उजळते किंवा गोड नाद होतो; बिघडली की चित्र मंदावते. यंत्र डोक्यात काही घालीत नाही, केवळ दाखविते. आरसा म्हणा ना! अशा वीस-तीस किंवा चाळीस बैठका होतात, आणि त्यातून मेंदूला हव्या त्या लहरीची सवय लागते असे म्हणतात.

या विद्येचा पाया खोटा नाही. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूच्या लहरी प्रथम टिपल्या व १९२९ साली जगापुढे मांडल्या. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला ८ ते १३ हेलकाव्यांची लहर दिसते, हे त्यांनीच दाखविले. पुढे अमेरिकेत बॅरी स्टर्मन यांनी मांजरांवर प्रयोग केले. ठराविक लहर उठली की मांजराला खाऊ मिळे. तेवढ्यावर मांजरे ती लहर उठवायला शिकली. मग अग्निबाणाच्या विषारी इंधनाची परीक्षा चालली असता आढळले, की शिकलेल्या मांजरांना त्या विषाने फेफरे यायला पुष्कळ वेळ लागतो. आता मांजराला कुठली श्रद्धा अन् कुठली जाहिरात? म्हणून हे सारे मनाचेच खेळ, असे म्हणून मोकळे होता येत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेत चित्त न ठरणाऱ्या ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर एक परीक्षा झाली. तिचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना त्यांच्या स्वतःच्या लहरींप्रमाणे चित्र दाखविले. बाकीच्यांना आधीच नोंदून ठेवलेल्या लहरींवर चालणारा नुसता देखावा दाखविला. कोणाला खरे व कोणाला खोटे, हे मुलांना ठाऊक नाही, आईबापांना नाही, बैठक घेणाऱ्यांनाही नाही. शेवटी पाहतात तो दोन्ही गटांतील मुलांचे लक्ष सुधारलेले! आणि लक्षाच्या त्या मुख्य मोजमापात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. तेरा महिन्यांनीही नाही.

यावर कोणी म्हणेल, “म्हणजे सगळे थोतांड!” दुसरा म्हणेल, “अहो, गुण आला ना? मग कशाने आला ते कशाला उकरता?” दोघांचीही घाई होते. पहिल्याने सुधारणा नाकारली, आणि ती तर खरी होती. काही गुण नुसत्या काळाचा असेल, कारण मूल वाढतेच. पण दोन्ही गटांतील मुलांना आणखी काय मिळाले ते पाहा. ठरलेल्या वेळी स्थिर बसणे मिळाले. शेजारी एक मोठे माणूस, तेही न रागावणारे, पूर्ण लक्ष देणारे मिळाले. थोडे जमले की शाबासकी मिळाली, घरात आशा आली. यातले खोटे काय? यंत्राच्या झगमगाटापुढे या गोष्टींना कोणी मोजीत नाही इतकेच.

दुसऱ्याला एक दृष्टांत सांगतो. बाप मुलाला सायकल शिकवितो. मागून धरून धावतो, आणि मुलाच्या नकळत हात सोडतो. मुलाला वाटते, बाबांनी धरले आहे. त्या भरवशावर ते दहा-वीस पावले जाते. ही फसवणूक खरी, पण तिला कोणी पाप म्हणत नाही. का? बाप लगेच ओरडून सांगतो, “अरे, मी सोडलंय! तूच चालवतोयस!” त्या एका वाक्याने खोट्याचे खरे होते. पण समजा, बापाच्या जागी दुसराच कोणी असता, त्याने ते कधी सांगितलेच नसते आणि धरण्याचे रोज पैसे घेतले असते, तर? मुलाची सायकल तीच, तोल तोच. पण तो मुलाला जन्मभर आपला मिंधा करून ठेवील. आधार देणे वेगळे आणि आधाराचे दुकान मांडणे वेगळे.

म्हणून श्रेय कोणाचे हे सांगणे उपाय करणाऱ्याचे कर्तव्य ठरते. “याने इतके सिद्ध झाले आहे, इतके नाही, तुमचा सराव आणि आपली सोबत यांचाही वाटा मोठा आहे,” एवढे त्याने स्वच्छ बोलावे. न बोलल्यास गरीब बाप कर्ज काढून चाळीस बैठका भरतो. त्याहून वाईट म्हणजे अपस्माराचा किंवा खोल खिन्नतेचा रोगी यंत्राच्या भरवशावर आपली औषधे सोडतो. तो धोका प्राणाचा आहे. डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी गोळी बंद करू नये.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे, वाचकहो. झोप उडालेल्या माणसाला “नाम घ्या, औषधं कशाला?” असे सांगणारे आपल्यातही आहेत. नाम घ्यावे, त्याने धीर येतो. पण जे आपण जाणत नाही त्याचे वचन दुखणाईताला देऊ नये. आणि यंत्रापुढे बसलेल्याला हसूही नये. तो बुडत असताना हाताला लागले ते त्याने धरले आहे. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे. आणि तो तोल सांभाळू लागला, की तूच चालवतोयस हे त्याला सांगायला विसरू नये.