नाव माकडाचं

बेंगळुरूत आमच्या गॅलरीतलं रविवारचं काम ठरलेलं: कुत्र्याचा कान उलटा करायचा आणि चिमट्याने गोचिडी काढायच्या. कातडीला लागून धरायचं, सरळ ओढायचं, पिळायचं नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी हुबेहूब एरंडीची बी. ही शहरी जात सुखी आहे. लहानपणापासून म्हातारपणापर्यंतची तिची तिन्ही जेवणं कुत्र्यावरच होतात आणि मधला मुक्काम भिंतीच्या फटीत. रानाशी तिला देणंघेणं नाही.

याच कर्नाटकात, शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात, गोचिडीला एवढं आयतं मिळत नाही. १९५७ साली तिथे माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास केला. माकडं मरताहेत म्हटल्यावर आधी शंका आली पीतज्वराची. निघाला नवाच विषाणू, गोचिडीतून फिरणारा. तिचं पिल्लू उंदीर-पाखरांवर जगतं, थोडी मोठी झाली की माकड चालतं, वाटेत आलं तर माणूसही. अंडी घालण्याआधी मात्र पोटभर रक्त लागतं आणि ते मोठ्या जनावराचंच. रानात हे काम सांबर-गवे करायचे. मग आपण रानात गुरं सोडली.

गाईला हा ताप येत नाही, विषाणूही तिच्या रक्तात फारसा वाढत नाही. ती फक्त गोचिडींची पंगत जेवू घालते. ताप मात्र माकडाच्या नावावर. कानडीत ‘मंगन कायिले’, २०१६ साली दोडामार्गच्या काजूबागांत साथ आली तेव्हा मराठीत ‘माकडताप’. मेलेलं माकड थंड पडलं की त्याच्या गोचिडी उतरून भोवतीच्या पाचोळ्यात पसरतात, हे खरं. पण ते बिचारं आपल्यासारखंच बळी. गाईच्या नावाने ताप कोण ओळखेल? माझीही जीभ रेटत नाही.

या तापाची लस बनायची ती इथेच, बेंगळुरूच्या हेब्बाळमध्ये, पशुआरोग्य संस्थेत. माणसांची लस जनावरांच्या दारात! तिचा जोर कमी पडतोय असं दिसलं आणि ती बंद झाली.

पाऊस सरला की, डिसेंबर ते मे, तिळाएवढ्या गोचिडी पाचोळ्यात जाग्या असतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत मलनाडातल्या, म्हणजे शिवमोग्याकडच्या डोंगराळ मुलखातल्या, बायका रानात जाऊन वाळका पाला गोळा करतात, भारा डोक्यावर घेऊन घरी येतात. गोठ्यात गाईखाली अंथरायला.