साध्या वेलीचं बी

आपल्या अंगणातल्या फुलांना कामं नेमून दिलेली असतात. जास्वंद गणपतीला, तगर रोजच्या पूजेला, मोगरा-अबोली गजऱ्याला, झेंडू तोरणाला. गारवेलीला, म्हणजे नर्सरीतल्या मॉर्निंग ग्लोरीला, असं काम कधी मिळालं नाही. परडीत ठेवलं की तिचं फूल मलूल होतं, ओवायला घेतलं की चुरगळतं, ऊन चढलं की मिटतं आणि पुन्हा उमलत नाही. रताळ्याची वेल तिच्याच कुळातली, पण रताळ्याला उपवासाच्या ताटात मान आहे. ही कुंपणावरच राहिली.

मला ती घराजवळ हवीशी वाटते ती यासाठीच. तोडून न्यायचं काहीच नसलं की माणूस फुलापाशी नुसता उभा राहतो.

लावायला ती सोपी आहे. बियांचं कवच टणक, म्हणून पॉलिश पेपरवर जरा घासून रात्रभर भिजवायच्या आणि पाऊस स्थिरावला की पेरायच्या. चढायला ग्रील किंवा सुतळी पुरते. वरून पाहिलं तर वेल घड्याळाच्या उलट दिशेनं वेढे घेते. आपण भलत्या बाजूनं गुंडाळली तरी शेंडा पुन्हा आपल्याच वळणावर जातो. खत सढळ हातानं दिलं तर पानंच माजतात. बिया मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, त्या पोटात जाणं धोक्याचं.

गारवेलीच्या एका जातीचं बी आपल्याकडे काळा दाणा म्हणून औषधात ठाऊक आहे, जहाल रेचक. तीच जात आठव्या शतकाच्या सुमारास चीनमधून जपानला गेली, तीही औषध म्हणूनच. तिथं ती ‘आसागाओ’ झाली. फुलायला तिला लांब रात्र लागते, आणि संध्याकाळी अंधार पडला की सुमारे दहा तासांनी तिची कळी उमलते. दिवा रात्रभर जळत असेल तर हे गणित बिघडतं. आपल्या गॅलऱ्यांत कळ्या कमी धरल्या तर आधी दिवा बघावा.

एदोमधल्या, म्हणजे आजच्या तोक्योमधल्या लोकांना १८०४ ते १८३० च्या काळात या वेलीचं वेड लागलं, पुढं १८५० च्या आसपास पुन्हा लागलं. झिरमिळ्या पाकळ्यांची, दुहेरी-तिहेरी, गारवेल म्हणून ओळखूही न येणारी फुलं त्यांनी कुंड्यांत वाढवली. अडचण अशी की यातल्या अनेक फुलांत केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असत, त्यामुळे त्यांना बी धरत नसे. वेल एका हंगामाची. मग तिचं रूप पुढच्या वर्षी आणायचं कुठून?

त्यांनी ते साध्या भावंडांकडून आणलं. एकाच वेलीच्या बियांतून सरासरी चारातलं एक रोप अद्भुत निघे, तीन चारचौघांसारखी. त्या तिघांतल्या साधारण दोघांच्या अंगात तेच रूप दडलेलं असे. कोणाच्या, ते बघून कळत नसे. म्हणून प्रत्येक साध्या वेलीचं बी वेगळं ठेवून पेरायचं आणि कोणत्या घराण्यात पुन्हा तशी रोपं येतात ते पाहायचं. मेंडेलचा निबंध १८६६ साली छापला गेला; हे लोक त्याच्या आधीपासून हे करत होते, कोणताही सिद्धांत हाताशी नसताना. वेलीच्या जनुकांत जागा बदलणारे तुकडे असतात आणि त्यांच्यामुळे ही रूपं निघतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस कळलं.

मला त्या माळ्यांचं मोठेपण अद्भुत फुलांपेक्षा साध्या वेलींत दिसतं. ज्यांना बघायला कोणी येणार नव्हतं, त्यांना त्यांनी तेवढंच पाणी घातलं, तेवढीच जागा दिली. बी राखणं आपल्यालाही नवं नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती गावठी वाणांचं बी राखण्यासाठी. वालाचं, भोपळ्याचं बी राखेत घोळून ठेवणाऱ्या बायका आपल्याकडे पूर्वी घरोघर होत्या. पण जे खायचं किंवा देवाला वाहायचं, त्याचंच बी आपण राखलं. नुसतं बघायच्या फुलासाठी दरवर्षी नवं पाकीट आणतो आणि पाकिटावरच्या चित्रासारखं निघालं नाही तर वेल उपटतो. हे मला पटत नाही.

बोंडं वाळून पिंगट झाली की फुटायच्या आत काढावीत आणि एकेका वेलीचं बी वेगळ्या पुडीत ठेवून वर रंग लिहावा. फिक्या, छोट्या फुलांच्या वेलीचीही पुडी करावी. उरलेलं बी ओढ्याकाठी किंवा माळावर मात्र उधळू नये. ही वेल दुसऱ्या झाडांवर चढून त्यांचा उजेड घेते, आणि तिथं तिला आवरायला कोणी नसतं.